कवटीचं चिन्ह: हसण्याची खूण की विषाची?

काळी_माती (धागाकर्ती)

हा धागा काढायचं कारण आमच्या गावचा व्हॉट्सॲप गट. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. गटात कापूस-तूर घेणारे शेतकरी आहेत, कृषी केंद्र चालवणारे एक जण आहेत, आणि शिकायला नागपूर-पुण्याला गेलेली पोरंही आहेत. पावसाळ्यात एका काकांनी फवारणीच्या औषधाच्या दोन बाटल्यांचा फोटो टाकून विचारलं, "हे दोन्ही एकाच पंपात चालंल का?" खाली एका पोराने नुसती कवटी टाकली 💀. बाकी एक अक्षर नाही.

पोराला म्हणायचं होतं, "काका, काय विचारता, हसून मेलो." काकांनी वाचलं, "जहाल विष आहे, हात लावू नका." काकूंनी तर फोनच लावला, "कोन गेलं?" तिघांचंही वाचन आपापल्या जागी खरं आहे, म्हणूनच मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

आमच्याकडे कवटी पहिल्यांदा दिसते ती कीटकनाशकाच्या डब्यावर. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक लेबलावर एक तिरका चौकोन छापावा लागतो. त्याचे दोन त्रिकोण. खालच्यात रंग, वरच्यात इशारा. सगळ्यात जहाल गटाला लाल रंग, आणि वर कवटी, खाली दोन आडवी हाडं, लाल अक्षरांत 'विष'. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती कवटी आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी (कपाशी), उकाडा, तोंडाला नुसता रुमाल, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, अशी कारणं तेव्हा पुढे आली होती. म्हणजे काकांचा प्रश्न अगदी योग्य होता. त्याला उत्तर मिळायला हवं होतं.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तरुण मुलं कवटी नेमकी कशासाठी वापरतात? आणि जिथे दोन्ही अर्थांची माणसं एकत्र बसतात तिथे काय करावं?

उशिरा_झोपणारी

मी १९ वर्षांची, मुंबईत शिकते. आमच्यात कवटी कशी वाचली जाते ते नीट सांगते.

वाक्याच्या शेवटी एक कवटी म्हणजे हसून मेले. तीन-चार ओळीने टाकल्या तर जास्त हसू. किस्सा स्वतःचा असेल, म्हणजे समजा तोंडी परीक्षेत सरांना चुकून 'आई' म्हटलं, तर तिथे कवटी म्हणजे लाजेने मेले. नुसतं "भाऊ" आणि पुढे कवटी, म्हणजे जे ऐकलं त्यावर विश्वास बसत नाही. परीक्षेचं वेळापत्रक आलं की त्याखाली कवट्यांची रांग लागते, तिचा अर्थ 'आता आपलं काही खरं नाही'. आणि खरोखरच कुणी गेलं असेल तर आम्ही कवटी कधीच टाकत नाही. तिथे जोडलेले हात किंवा तुटलेलं हृदय. म्हणजे आमच्या हातात कवटी प्रत्यक्ष मरणापासून जितकी लांब आहे तितकं दुसरं कुठलंच चिन्ह नाही.

डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा आम्ही का सोडला, असं घरी विचारतात. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याच चेहऱ्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं. पुढे तो इतका चालला की "हो, आलो" या निरोपाखालीही येऊ लागला, आणि त्यातलं हसू पातळ झालं. २०२१ च्या सुमारास तर तो मोठ्यांचा इमोजी आहे अशा बातम्याच आल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या युनिकोडच्या (जगभरच्या अक्षरांना आणि इमोजींना क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या) आकडेवारीत तो जगात पहिलाच होता, सगळ्या इमोजींमध्ये त्याचा वाटा ५ टक्क्यांहून जास्त. आम्हाला मात्र खरंखुरं हसू आलंय हे सांगायला काहीतरी वेगळं हवं होतं. कवटीच्या चेहऱ्यावर काही भाव नसतो, म्हणून ती जास्त हसवते.

पण त्या मुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. काकांनी जिवाशी संबंधित प्रश्न विचारला आणि त्यावर तो हसला. त्याने कवटीऐवजी दुसरं कुठलंही हसरं चिन्ह टाकलं असतं तरी ते चूकच होतं.

पेठेतला_वाचक

शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन.

आमच्या पिढीला कवटी का खुपते हे मी मांडतो. आमच्या घरात नारळ फोडत नसत, वाढवत. दुकान बंद होत नसे, वाढवलं जाई. बांगडी फुटली तरी वाढली. दाराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणालं तर आजी परत आत बोलवायची आणि 'येतो' म्हणायला लावायची. कुणी चेष्टेतसुद्धा मरणाचं बोललं की लगेच, "अभद्र बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते." ज्या घरात शेवट हा शब्दसुद्धा इतक्या जपून हाताळला, तिथल्या माणसाला नातवाच्या निरोपात सकाळी सकाळी कवटी दिसली की पोटात गोळा येतो. याला अंधश्रद्धा म्हणा हवं तर, पण त्यामागे माया होती. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या आसपास मरण फिरकू नये, एवढंच त्या माणसांना हवं होतं.

नातवाने मला अर्थ सांगितल्यापासून मी त्याची कवटी हसू म्हणून वाचतो. मनापासून वाचतो. पण हे त्याने सांगितल्यावर जमलं.

देवबागचो

काका, तुमचं बरोबर, पण कोकणात दुसरी बाजूही आहे. आमच्या मालवणात जिवाभावाचा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की पहिलं वाक्य, "मेल्या, खंय होतंस इतके दिवस?" आई मुलाला म्हणते, मैत्रीण मैत्रिणीला म्हणते. ऐकणाऱ्याला राग येत नाही, उलट कुणी 'मेल्या' म्हटलं नाही तर काहीतरी बिनसलंय असं वाटतं. आणि तेच घर तुम्ही सांगता तसं दिवेलागणीला अभद्र बोलू देत नाही. आजारी माणसाच्या उशाशी तर 'मेल्या' कुणाच्याच तोंडून येत नाही. कुठे चालतं आणि कुठे नाही हे तिथल्या लहान पोरालाही कळतं. मोबाईलवर हीच जाण वापरायला हवी असं मला वाटतं.

रानजाई

'हसून हसून मेलो' तर सगळ्या महाराष्ट्रात आहे. आणि हल्ली मराठी मीम्सखाली 'वारलो', 'वारले' लिहितात तेही याच घरातलं. त्यामुळे कवटी ही बाहेरून आलेली खूण असली तरी तिचा अर्थ आपल्याला परका नाही.

टंकपेटी

थोडा इतिहास देतो, कारण मोबाईलवर कवट्या दोन आहेत आणि त्यांची वयं वेगळी आहेत.

कवटी आणि आडवी हाडं असलेलं चिन्ह जुनं. ते १९९३ च्या युनिकोड १.१ मध्येच होतं, इमोजी हा शब्द जपानबाहेर माहीत नव्हता तेव्हापासून. ते तिथे आलं इशाऱ्याच्या खुणांबरोबर, म्हणजे किरणोत्सर्ग आणि जैविक धोका यांच्या चिन्हांच्या शेजारी. नुसती कवटी मात्र जपानी मोबाईल कंपन्यांच्या चित्रसंचांतून आली. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कंपन्यांनी निरोपात घालायला छोटी छोटी चित्रं दिली होती. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये एनटीटी डोकोमोसाठी केलेला १७६ चित्रांचा संच त्यात सर्वांत प्रसिद्ध. तो आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. एका कंपनीच्या फोनवरचं चित्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर दिसत नसे. ही गडबड मिटवायला २०१० मध्ये युनिकोड ६.० मध्ये शेकडो इमोजींना कायमचे क्रमांक मिळाले, आणि नुसती कवटी त्यातच आली.

आता माझ्या मते महत्त्वाची गोष्ट. युनिकोडच्या यादीत या दोन्ही कवट्या वस्तूंमध्ये ठेवलेल्या नाहीत. त्या चेहऱ्यांच्या विभागात आहेत, रागावलेल्या चेहऱ्यांच्या आणि शिंगं असलेल्या राक्षसाच्या ओळीत, 'नकारात्मक चेहरे' या गटात. म्हणजे कळफलक उघडल्यावर ती शवपेटी किंवा थडग्याच्या शेजारी दिसत नाही, भाव दाखवणाऱ्या तोंडांच्या शेजारी दिसते. बोट तिथे जातं ते भाव निवडायला. मला वाटतं तिचा चेहरा म्हणून वापर सुरू होण्यात या जागेचा हात मोठा आहे. यादी करणाऱ्यांनी तिला नकारात्मक धरलं आणि वापरणाऱ्यांनी तिला हसायला लावलं.

लेणीवेडा

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्याकडे कवटी पहिल्यापासूनच एका अर्थात मावलेली नाही. कालीच्या गळ्यात मुंडमाळा आहे आणि तरी ती आई आहे. शंकर कपाली आहे. वेरूळला सप्तमातृकांच्या ओळीच्या शेजारी हाडांचा सांगाडा झालेला काळ कोरलाय, मांडीवर लेकरं घेतलेल्या आयांपासून हाताच्या अंतरावर. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला गेलेल्या माणसांच्या आठवणीत साखरेच्या रंगीत कवट्या मांडतात आणि तो दिवस आनंदाने साजरा करतात. उशिरा_झोपणारी यांची पिढी फार वेगळं काही करत नाहीये.

तारतंत्री

वीज वितरणात नोकरी केली, आता निवृत्त. कवटी आमच्याही पाटीवर असते. रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) कुंपणावर आणि उच्चदाब खांबांवर धोक्याची पाटी लावणं हा नियम आहे. १९५६ च्या वीज नियमांत तो होता, २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही होता, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या विनियमांतही आहे. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या भाषेत, सोबत कवटी आणि हाडं, आणि तिचा नमुना भारतीय मानक २५५१ प्रमाणे. 'धोका, ११००० व्होल्ट' ही पाटी इथल्या प्रत्येकाने पाहिली असेल. नियमात चित्राची सक्ती आहे ती याच कारणासाठी. मेंढ्या चारणाऱ्या पोराला अक्षर येवो न येवो, कवटी कळली पाहिजे.

माझी काळजी खरी आहे. दिवसातून पन्नास वेळा कवटी बघून हसणाऱ्या मुलाच्या मनात पाटीवरची कवटी तेवढीच जोरात ओरडेल का?

उशिरा_झोपणारी

तारतंत्री काका, माझ्यापुरतं सांगते, ओरडते. लोखंडी जाळी, गुणगुणणारं रोहित्र आणि त्यावर लाल कवटी बघून हसू यायचा प्रश्नच नाही. फोनमध्ये ती कुणाच्या तरी वाक्याला जोडून येते, तिथे ती लोखंडाला जोडून येते. पण मी १९ ची आहे. पाच वर्षांच्या मुलाचं मला सांगता येणार नाही.

तीन_नद्यांकाठी

पाच वर्षांच्या मुलाचं मी सांगू शकते, कारण मी पिट्सबर्गला राहते आणि हा प्रश्न या शहरात ५० वर्षांपूर्वीच विचारला गेलाय.

अमेरिकेत विषारी बाटल्यांवर कवटी १९ व्या शतकापासून छापत. पिट्सबर्गचा बेसबॉल संघ म्हणजे पायरेट्स, समुद्री चाचे. इथल्या मुलांच्या डोळ्यांसमोर चाच्यांची चित्रं कायम, आणि चाचे म्हणजे साहस, खजिना, सुट्टीची मजा. मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर रिचर्ड मोरियार्टी यांच्या लक्षात आलं की कवटीने मूल बाटलीपासून दूर जायच्या ऐवजी तिच्याकडे ओढलं जाऊ शकतं. १९७१ मध्ये त्यांच्या विषबाधा केंद्राने नवं चित्र काढलं: भडक हिरवा, जीभ बाहेर काढलेला, किळस आलेला चेहरा. चित्रं आणि रंग लहान मुलांनाच दाखवले आणि त्यांना जे सगळ्यात नकोसं वाटलं तेच निवडलं. त्याचं नाव 'मिस्टर यक'. अजूनही इथे घराघरांत फिनेलच्या बाटल्यांवर तो चिकटवलेला दिसतो, खाली विषबाधा केंद्राचा फोन क्रमांक.

म्हणजे कवटीचा धाक मुलांच्या मनातून उतरू शकतो हे मोबाईलच्या कितीतरी आधी दिसलं होतं. आणि पुढचं सांगायलाच हवं. नंतरच्या अभ्यासांत असंही आढळलं की अगदी लहान मुलं हिरव्या चेहऱ्यालाही फारशी दबत नाहीत. मग उपयोग कशाचा होतो? बाटली उंचावर ठेवण्याचा, मुलाला न उघडणाऱ्या झाकणाचा, आणि त्या फोन क्रमांकाचा. चित्रावर सगळा भार टाकू नये असं माझं मत त्यावरून झालंय.

तारतंत्री

हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. आमच्याकडेही पाटीबरोबर कुंपण आणि कुलूप सक्तीचं आहे ते यामुळेच.

कानसेन

मी दृष्टिहीन आहे, फोन ऐकून वापरतो. फोनमधला वाचक प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने उच्चारतो. त्यामुळे तुम्हाला जे एका नजरेत दिसतं ते मला "कवटी, कवटी, कवटी, कवटी" असं ऐकू येतं, एका सुरात. त्यात हसू नसतं. मित्र कोण आहे, आधी काय बोलणं चाललं होतं, यावरून मी ते लावून घेतो, आणि आता बऱ्याच वेळा लागतं. मात्र ज्या गटात वीस जण एकामागून एक बोलतात तिथे कोणती कवटी कोणत्या वाक्याला आहे हे धरून ठेवणं अवघड जातं. शब्दाच्या जागी कवटी टाकली की मी पूर्ण बाहेर राहतो. शब्द लिहून शेवटी एक कवटी टाकली तर काहीच अडत नाही. एवढं केलंत तर माझ्यासारख्या पुष्कळ जणांवर उपकार होतील.

उशिरा_झोपणारी

आजपासून शब्द आधी, कवटी एकच. हे आमच्या महाविद्यालयाच्या गटातही सांगते.

दोन_मुलांची_आई

माझा प्रश्न वेगळा आहे आणि लिहिताना हात जड झालाय. मुलगा बारावीत. त्याच्या स्टेटसला हल्ली रोज कवटी असते, कधी काळ्या पडद्यावर नुसती कवटी. वर सगळे म्हणताहेत की हसण्याची खूण आहे. मी निर्धास्त व्हावं का?

मनमोकळं

ताई, मी समुपदेशनाचं काम करते. बरं केलंत विचारलंत.

नुसत्या कवटीवरून कुणाच्या मनात काय चाललंय हे ओळखता येत नाही, दोन्ही बाजूंनी. कवटी आहे म्हणून घाबरून जाऊ नका आणि हसण्याची खूण आहे म्हणून दुर्लक्षही करू नका. बघायचं ते बाकीचं. झोप उडाली आहे किंवा दिवसभर झोपतोय का, जेवण तुटलंय का, मित्र सुटलेत का, आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय का, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलतो का. यातलं काही दिसलं तर त्याला थेट विचारा, "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं होतं. ऐकताना मध्ये बोलू नका, गुणांचा विषय काढू नका, फोन हिसकावू नका.

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ वर कधीही, मराठीत, मोफत बोलता येतं. आईवडीलही फोन करू शकतात, मुलगा सोबत असायलाच हवा असं नाही. आजच बोला.

दोन_मुलांची_आई

बोलले. परीक्षेच्या ताणाबद्दल बराच वेळ सांगत होता. रात्री जागरण, वर्गात मागे पडल्याची भीती. मरायचे विचार नाहीत म्हणाला, पण झोप अजिबात नाही. १४४१६ वर मी फोन केला होता, त्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात तो स्वतः बोलायला तयार झालाय. सगळ्यांचे आभार.

रानजाई

ताई, छान वाटलं वाचून.

मला एक गोष्ट इथे ठामपणे मांडायची आहे. वर म्हटलंय की खऱ्या मृत्यूखाली कुणी कवटी टाकत नाही. ओळखीतल्या माणसांपुरतं ते खरं आहे. पण अपघाताच्या चित्रफिती बघा. कुणी गाडीवरून पडतंय, कुणी पुरात वाहतंय, आणि खाली शेकडो कवट्या. टाकणाऱ्याला ते माणूस वाटत नाही, चालता-बोलता विनोद वाटतो. त्या माणसाची बहीण किंवा मुलगी ते वाचत असेल हे मनात येत नाही. हसू आणि मरण एकाच चिन्हात भरलं की नेमकं हेच होतं: एखादा खरोखर मरत असताना हसणं सोपं होऊन बसतं. मी स्वतः गमतीत कवटी वापरते, पुढेही वापरेन. पण जिथे कुणाला इजा होताना दिसते तिथे माझ्याकडून ती जाणार नाही, आणि कुणी टाकली तर मी त्याला विचारते.

देवबागचो

+१. अगदी मनातलं.

काळाकोट

कायद्याच्या बाजूने थोडं. इमोजीमुळे गुन्हा दाखल झाल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. तमिळनाडूत दूरसंचार कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात एका चित्रफितीखाली काहींनी हसून रडणारा चेहरा टाकला, एका महिला अधिकाऱ्याने तक्रार केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१८ मध्ये तो गुन्हा रद्द केला. इमोजी ही टाकणाऱ्याच्या भावनेची प्रतिक्रिया आहे, असा त्यातला विचार. पण तोवर त्या मंडळींना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्याच.

दुसरं उदाहरण शेतकऱ्याचं आहे, म्हणून या धाग्यात शोभेल. कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवसाच्या सौद्याच्या कागदाचा फोटो पाठवला, शेतकऱ्याने उत्तरात अंगठा टाकला. त्याचं म्हणणं, "कागद मिळाला एवढंच सांगितलं." न्यायालयाने २०२३ मध्ये ती सही धरली, कारण दोघांतले आधीचे सौदेही अशाच छोट्या उत्तरांवर झाले होते. ८२,००० कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लागली, आणि २०२४ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला.

कॅनडात न्यायालयाने चित्र एकटं वाचलं नाही. आधी काय झालं होतं ते बघितलं. आणि गट चालवणाऱ्यांसाठी: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा काळी_माती यांनी घाबरायचं कारण नाही.

काळी_माती

सगळ्यांचं वाचलं, काही काही दोनदा. आमच्या गटात काय ठरलं ते सांगते.

कवटीवर बंदी घातली नाही. गप्पांमध्ये, क्रिकेटच्या सामन्यात, लग्नाच्या फोटोखाली ज्याला टाकायची त्याने टाकावी. फवारणी, औषध, साप, वीज आणि दवाखाना या विषयांवर कुणी विचारलं तर मात्र उत्तर शब्दांत किंवा आवाजातच द्यायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज बरा पडतो, हे कृषी केंद्रवाल्यांनी सुचवलं. त्या पोराने काकांना स्वतः फोन केला आणि दोन्ही लेबलं मोठी करून वाचून दाखवली. ती दोन औषधं एकत्र करायची शिफारस कुठल्याच लेबलावर नव्हती, तेव्हा काकांनी एकत्र मारली नाहीत.

त्या वाचनात एक गोष्ट निघाली. दोन्ही बाटल्यांवर पिवळा त्रिकोण होता, आणि कवटी नव्हतीच. काका म्हणाले, "मंग हे सौम्य असन." हे मला खटकलं. जाणकारांनी सांगावं.

बांधावरचा

कृषी विस्ताराचं काम करतो. बरं झालं विचारलंत, कारण हा गैरसमज गावोगाव आहे.

कवटी फक्त लाल त्रिकोणावर असते. पिवळ्यावर कवटी नसते, पण 'विष' हा शब्द लाल अक्षरांत असतोच, म्हणजे तेही विषच. निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान' या अर्थाचे शब्द. ही विभागणी चाचणीतले निम्मे प्राणी दगावतील अशा मात्रेवर होते. पोटात गेल्यास, शरीराच्या एका किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. आता विचार करा, ५१ वर पिवळा सुरू होतो आणि ५० ला लाल संपतो. एका मिलिग्रॅमच्या फरकाने कवटी जाते, विष जात नाही. शिवाय हे आकडे एका औषधाचे. दोन एकत्र केल्यावर काय होईल ते या त्रिकोणातून कळत नाही. आणि दिवसभर उकाड्यात अंगावर, श्वासात जाणारं औषध वेगळंच.

काकांना एवढं सांगा. त्रिकोण कोणताही असो, हातमोजे, मुखवटा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून मारू नये. उपाशीपोटी जाऊ नये, मध्ये तंबाखू-बिडी नको. मळमळ, डोकेदुखी, अंधारी, तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांची बाहुली बारीक होणं यातलं काही दिसलं की पंप तिथेच ठेवायचा, शेताबाहेर यायचं, कपडे काढून साबणाने अंग धुवायचं आणि १०८ ला फोन करायचा. घरचे उपाय करून उलटी काढत बसू नये. दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिच्या लेबलाचा स्वच्छ फोटो सोबत न्यायचा, कारण सोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो आणि डॉक्टरांना तो लगेच लागतो. तो फोटो गटात टाकून ठेवलात तर फवारणीला गेलेल्याच्या घरच्यांनाही सापडेल.

काळी_माती

आज संध्याकाळी गटातल्या सगळ्यांकडून घरातल्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो मागवते. तुमचा प्रतिसाद वऱ्हाडीत आवाजात करून पाठवते, चालेल ना?

बांधावरचा

चालेल. नाव नको, मजकूर हवा तसा वापरा. फक्त १०८ दोनदा म्हणा.